मोतीला भुंकायला कोणी शिकवले?

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. हे कोराडी. जगदंबेचे मंदिर आणि तलाव यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहेच. १९७४ मध्ये येथे वीजनिर्मितीचा पहिला संच सुरू झाला आणि गावाला नवी ओळख मिळाली. विजेला रात्र नसते, म्हणून केंद्रातील कामगार पाळीपाळीने चोवीस तास काम करतात. आपण जेवायला बसतो तेव्हा वसाहतीतील कोणीतरी रात्रपाळी करून झोपलेले असते. आजची गोष्ट त्या झोपेचीच आहे.

माझी बहीण कोराडीला राहते. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, एका पावसाळ्यात तलावाच्या बाजूने भिजलेले एक गावठी पिल्लू घरी आणले. त्याचे नाव ठेवले मोती. दिवाळीपर्यंत मोती चांगला वाढला आणि त्याबरोबर त्याचे भुंकणेही वाढले. शेजारचे काकाजी रात्रपाळी करून सकाळी येत आणि जेमतेम डोळा लागतो तोच मोतीचा आवाज सुरू होई. दोनतीनदा त्यांनी समजावून सांगितले. एकदा मात्र ते म्हणाले, “झोप झाली नाही आणि यंत्रापाशी हात चुकला, तर काय होईल सांगा!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भावजींनी निर्णय दिला : महिनाभरात भुंकणे कमी झाले नाही, तर मोतीला एका ओळखीच्या शेतावर सोडून यायचे.

भाच्याने मला पत्र लिहिले, “मामाजी, मोतीचे तोंड बंद करण्याचा काही उपाय आहे का? कोणी म्हणतात काठी दाखवा, कोणी म्हणतात तोंड बांधा.”

मी उत्तर पाठवले, “आधी एक वही घे.”

भुंकणे म्हणजे काय?

वहीत काय लिहायचे ते सांगण्यापूर्वी भुंकण्याविषयी थोडे जाणून घेऊ. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. लांडगे गुरगुरतात, विव्हळतात, लांब सूर काढून ओरडतात; पण मोठे झालेले लांडगे भुंकतात फार क्वचित. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिलेला कुत्रा मात्र कितीतरी अधिक आणि वेगवेगळ्या प्रकारे भुंकतो.

हे सर्व भुंकणे सारखेच असते का? हंगेरीतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनी हे तपासले. त्यांनी ‘मुडी’ या जातीच्या कुत्र्यांचे भुंकणे निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले. कधी अनोळखी माणूस आला होता, कधी कुत्र्याला एकटे बांधले होते, तर कधी त्याच्याशी खेळ चालला होता. मग हे आवाज माणसांना ऐकवून प्रसंग ओळखायला सांगितले. निव्वळ अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत त्यापेक्षा अधिक उत्तरे बरोबर आली. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता, त्यांनाही हे जमले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे भुंकण्यात काही माहिती असते. शिवाय कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. तेव्हा “उगाच भुंकतो” असे म्हणताना जपून म्हणावे. कुत्र्याने अजिबात भुंकू नये ही अपेक्षा चुकीची आहे. किती आणि केव्हा भुंकावे, एवढेच आपण त्याला शिकवू शकतो.

वहीतील तीन रकाने

भाच्याने आठ दिवस वही ठेवली. पानावर तीन रकाने होते : ‘भुंकण्याच्या अगदी आधी काय घडले’, ‘केव्हा व किती वेळ भुंकला’ आणि ‘लगेच नंतर काय घडले’. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा होता. तो का, ते पाहा.

१८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजराला पेटीत ठेवून बाहेर खाऊ ठेवलेला असे. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, धडपडे. असे करता करता खटका दाबला जाई आणि ते बाहेर येई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर धडपड कमी होत गेली आणि मांजर लवकर खटका दाबू लागले. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती प्राणी पुन्हा करतो. याला ‘परिणामाचा नियम’ म्हणतात. कृतीनंतर मिळणाऱ्या अशा लाभाला मानसशास्त्रात ‘प्रबलन’ हा शब्द आहे.

आता वहीतील नोंदी पाहू. बहुतेक भुंकणे दोन वेळांचे होते. पहिली वेळ सकाळची. दूधवाला फाटकापाशी येई, मोती भुंके आणि दूधवाला निघून जाई. दूधवाला तसाही जाणारच होता. पण मोतीला ते काय ठाऊक? आपण भुंकलो म्हणून हा परका पळाला, असा त्याचा अनुभव. रोज सकाळी त्याला विजय मिळत होता!

दुसरी वेळ दुपारची. मोती अंगणात साखळीला बांधलेला असे. कंटाळून तो भुंकू लागे. थोडा वेळ कोणी लक्ष देत नसे. मग बहीण दारात येऊन “गप रे!” असे ओरडे, किंवा आजी पोळीचा तुकडा घेऊन बाहेर येई. “मुक्या जनावराले उपाशी ठेवता का रे?” असे ती म्हणे. एकट्या बसलेल्या कुत्र्याला पोळी म्हणजे बक्षीस आणि माणसाचे ओरडणे हीसुद्धा सोबतच. भुंकले की घरातून कोणीतरी येते, हा धडा मोती रोज गिरवत होता. शिकवणारे घरचेच होते.

कधीतरी मिळणारे बक्षीस

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. प्रत्येक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय अधिक चिवट असते. बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञाने उंदीर व कबुतरे यांच्यावर प्रयोग करून याचा पद्धतशीर अभ्यास केला. तलावाकाठी गळ टाकून बसलेला माणूस पाहा. तासभर मासा लागला नाही तरी तो उठत नाही, कारण पूर्वी असाच तासभर थांबल्यावर मासा लागलेला असतो. याउलट रोज नेमाने पाणी देणारा नळ एकदम बंद झाला, तर आपण दोनचारदा तोटी फिरवून पाहतो आणि सोडून देतो. मोती दुपारी गळ टाकूनच बसला होता.

मग उपाय सोपा वाटतो : भुंकताना कोणी बाहेर जायचेच नाही. पण येथे एक खाचखळगा आहे. बक्षीस बंद झाले की सुरुवातीला ती कृती कमी होण्याऐवजी वाढते. तोटी आपणही आधी जोराने पिळून पाहतो ना, तसेच. या वाढीला कंटाळून चौथ्या दिवशी कोणी बाहेर गेले, तर कुत्रा काय शिकेल? अधिक वेळ आणि अधिक मोठ्याने भुंकावे लागते, हेच!

म्हणून मी भाच्याला कळवले, “आधी काकाजींना जाऊन सांग की काही दिवस त्रास वाढणार आहे.” त्याला भीती वाटत होती, तरी तो वही घेऊन गेला. काकाजींनी वही चाळली, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग भिंतीवरचे पाळीपत्रक काढून त्यांनी एका आठवड्यावर बोट ठेवले, “हा आठवडा माझी सकाळची पाळी आहे. दुपारी मी घरी नसतो. काय करायचे ते तेव्हा कर.” दिवाळीच्या सुट्टीतलाच तो आठवडा होता.

काय काय केले?

प्रथम मोतीची गरज भागवली. सकाळ-संध्याकाळ त्याला तलावाच्या बाजूने फिरवून आणायचे, दुपारी सावली आणि ताजे पाणी ठेवायचे, साखळी शक्य तेवढा वेळ सोडायची. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. दमलेला कुत्रा झोपतो, कंटाळलेला भुंकतो.

दुसरे, फाटकाच्या जाळीला आतून गोणपाट बांधले, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसणार नाही. मग दूधवाल्याचा प्रश्न घेतला. तो लांब कोपऱ्यावर दिसला की मोतीने भुंकण्यापूर्वीच त्याला भाकरीचा लहानसा तुकडा द्यायचा. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नापूर्वी नेमाने एखादा आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, असे त्यांनी दाखवले. याला ‘अभिसंधान’ म्हणतात. येथे आवाजाच्या जागी दूधवाला होता. तो दिसला की खाऊ मिळतो, असे जुळले की परक्याची धास्ती ओसरू लागते. मात्र अंतर हळूहळू कमी करावे लागते. घाई केली तर कुत्रा पुन्हा भुंकतो.

तिसरे, दुपारचा नियम. मोती भुंकत असताना कोणीही बाहेर जायचे नाही, ओरडायचे नाही, खिडकीतून बघायचेही नाही. तो गप्प झाला की मनात पाच आकडे मोजायचे, “शांत” असे हळू म्हणायचे आणि मगच जाऊन तुकडा द्यायचा. पुढे पाचाचे दहा, दहाचे वीस.

पहिले दोन दिवस भुंकणे खरोखरच वाढले. तिसऱ्या दिवशी आजीला राहवले नाही. ती पोळी घेऊन बाहेर गेली. भाच्याने वहीत प्रामाणिकपणे लिहिले, “आज आजी हरली. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.” मग त्याने आजीलाच आकडे मोजण्याचे काम दिले. पोळी द्यायची तीच, फक्त गप्प बसल्यावर. आजीला हे पटले. आठवडा संपेपर्यंत दुपारचे भुंकणे बरेच कमी झाले होते आणि महिनाअखेर शेताचा विषय घरात कोणी काढला नाही. दूधवाल्याला मात्र मोती अजून एकदोनदा भुंकून दाखवतो.

काठी का नको?

मारल्याने कुत्रा त्या क्षणी गप्प बसेल. पण दूधवाला दिसला की मार बसतो, असे त्याच्या मनात जुळले तर दूधवाल्याविषयीची भीती वाढेल आणि भ्यालेला कुत्रा चावतो. पोलिसांच्या श्वानपथकातील कुत्र्यांनाही बक्षीस देऊनच शिकवतात. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉर कुत्र्याने फार मोठा स्फोटकांचा साठा शोधण्यास मदत केली. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्यांना ती सापडली की न भुंकता, न ओरबाडता शांत बसायला शिकवलेले असते. बसले की आवडते खेळणे किंवा खाऊ मिळतो. एवढ्या धोक्याच्या जागी जे साधते, ते आपल्या अंगणात का साधू नये?

एक सूचना. नेहमी शांत असलेला कुत्रा एकाएकी फार भुंकू लागला, तर त्याला कोठे दुखत असेल, पशुवैद्यांना दाखवावे. आवाज बदलला, लाळ गळू लागली, वागणे विचित्र वाटले, तर जवळ न जाता मोठ्यांना सांगावे. हे रेबीजचे लक्षण असू शकते. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर द्यावी. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब रुग्णालयात जावे.

करून पाहा

१. तुमच्या घरी किंवा शेजारी कुत्रा असेल, तर मोठ्यांच्या परवानगीने आठ दिवस तीन रकान्यांची वही ठेवा. अनोळखी कुत्र्याच्या जवळ जाऊ नका. लांबूनही नोंदी होतात.

२. तिसऱ्या रकान्यात कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते? ती बदलता येईल का?

३. धाकट्या भावंडाच्या एखाद्या हट्टासाठी अशीच वही ठेवा. हट्टानंतर लगेच काय घडते, ते लिहा आणि त्याला कोण शिकवते आहे, हे शोधून काढा. ते नाव तुमचेही असू शकेल!