वर चढणारा अशक्तपणा वयाचा नसतो

आमच्या आप्पांची हगवण थांबून आठवडा झाला होता. मग दोन्ही तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. साखरेचा जुना त्रास, वय सत्तरीपुढचं, म्हणून ‘वय झालं आता’ असं तेच म्हणाले. पण चालताना चप्पल पायातून निसटू लागली, मग खाटेवरून उठवेना. गारगोटीतल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय उडालाच नाही. ‘आजच कोल्हापूर गाठा,’ ते म्हणाले. वाटेतच हातही ढिले पडत गेले.

निदान झालं गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याचेच रुग्ण वाढले होते. दूषित पाण्या-अन्नातून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीसारखा जंतू पोटात जातो. त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती पुढे आपल्याच नसांवर उलटते.

उतारवयात हा आजार दुसऱ्या दुखण्यांआड लपतो, म्हणून फरक ओळखा. साखरेच्या मुंग्या महिनोन्‌महिने वाढतात. जीबीएसच्या काही तासांत, दिवसांत वर चढतात. अर्धांगात बहुधा एक बाजू जाते. यात दोन्ही पाय जातात. तेल चोळत वाट पाहू नका. पाणी पिताना ठसका लागला, आवाज बदलला, किंवा एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणताना दम तुटू लागला, तर तोंडाने काही देऊ नका आणि लगेच 108 ला फोन करा. श्वासाचे स्नायू थकले की व्हेंटिलेटर लागतो. तो आणि अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारूनच रुग्णालय निवडा.

उपचार दोन: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, बहुधा पाच दिवस, किंवा प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा गुण जवळपास सारखा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत मिळाले तर जास्त. नुसत्या स्टेरॉइडने यात फायदा होत नाही. मूत्रपिंडाचा, हृदयाचा, रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल तर इंजेक्शनआधीच सांगा. खर्च मोठा असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

घरी आल्यावर धीर लागतो. नसा सावरायला महिने जातात, वृद्धांना अधिक. कूस बदलणं, रोजचा व्यायाम आणि ‘तुम्ही चालणार आहात’ हा विश्वास, तिन्ही सोडू नका. आप्पा आज वॉकर धरून अंगणात फिरतात.

‘काल जिना चढलो, आज उंबरा ओलांडवत नाही,’ असं घरातलं थोरलं माणूस म्हणालं, तर त्याच दिवशी त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहणारा डॉक्टर गाठा.