पिलांची ऊब आणि ब्रूडरची सुरक्षित व्यवस्था
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील कोंबडीपालकांसाठी)

खुडूक कोंबडी बारा-पंधरा पिले पंखाखाली घेऊन बसते, तेव्हा ती त्यांना केवळ ऊब देत नाही. ज्या पिलास उकडते ते पंखाबाहेर मान काढते, ज्यास थंडी वाजते ते आत शिरते. अंडी उबवणी केंद्रातून आणलेल्या एक दिवसाच्या पिलांस ही आई नसते. तिची जागा घेणाऱ्या साधनास ब्रूडर किंवा कृत्रिम दाई म्हणतात. ज्या ब्रूडरमध्ये पिलास उबेपासून दूर जाण्यास वाव नाही, तो कितीही महागाचा असला तरी सदोषच समजावा.

नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. शरीराचे उष्णतामान स्वतः राखण्याची शक्ती त्यास सुमारे दोन आठवड्यांत हळूहळू येते. तोवर गारठलेले पिलू खात नाही, आणि न खाणारे पिलू अधिकच गारठते. पिले एकमेकांवर चढून गुदमरतात ती बहुधा अशाच रात्री. सकाळी कोपऱ्यात दहा-वीस पिले मेलेली आढळली की रोगाचा संशय घेतला जातो; पण आधी रात्रीच्या उबेची चौकशी करावी.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरच्या कडेशी, पिलांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट (३५ अंश सेल्सिअस) उष्णतामान असावे व पुढे दर आठवड्यास सुमारे ५ अंश फॅरनहाइटने ते उतरवावे. उष्णतामापक अवश्य टांगावा, परंतु अखेरचा निर्णय पिलांवर सोपवावा. पिले दिव्याखाली गोळा होऊन कलकलाट करीत असतील तर ऊब कमी आहे. पंख सोडून, चोच उघडून कडेला पळत असतील तर अधिक आहे. सर्व एकाच बाजूस दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे. सर्वत्र पसरून शांतपणे टिपत वा झोपत असतील, तर दिवा हलवू नये. ही पाहणी रात्री एकदा तरी व्हावी. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळीसच्या घरात जातो. त्या वेळी दिवा बंदच ठेवावा. थंडीत मात्र बदलापूरकडील रात्री मुंबईपेक्षा बऱ्याच गार असतात, हे शहरातून येऊन येथे कोंबड्या पाळू लागलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

शंभर पिलांसाठी पाच-सहा फूट व्यासाचे, दीड फूट उंचीचे गोल रिंगण पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे करावे. चौकोनी नको, कारण कोपऱ्यांत पिले दाटतात. पिले वाढतील तसे रिंगण सैल करीत जावे व आठ-दहा दिवसांनी काढून टाकावे. तळाशी भाताचे कोरडे तूस दोन-तीन इंच पसरावे. आपल्या भातपट्ट्यात गिरणीवर ते सहज मिळते. पिले येण्यापूर्वी एक दिवस ब्रूडर चालू करून तूस व जमीन उबवून घ्यावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, नाहीतर पिले भिजतात किंवा बुडतात.

दर पिलास एक ते दोन वॉट या हिशेबाने विजेचे दिवे लावावेत. एका मोठ्या दिव्यापेक्षा तीन-चार लहान दिवे बरे. एखादा गेला तरी बाकीचे ऊब देत राहतात. दिवे तारेच्या फिलामेंटचे किंवा खास उबेसाठीचे हवेत. हल्ली घरोघरी असणारा एलईडी दिवा उजेड भरपूर देतो, पण पिलांस पुरेल इतकी ऊब देत नाही. होल्डर चिनी मातीचा घ्यावा. दिवा विजेच्या तारेवर कधीही लोंबकळत ठेवू नये; साखळीने स्वतंत्र टांगावा व त्याभोवती जाळी बसवावी. सुटून पडलेला तापलेला दिवा तूस पेटवितो, आणि खुराडे बहुधा घराच्या भिंतीस लागूनच असते. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून जोड दिलेल्या तारा नेऊ नयेत. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे साधन बसवून घ्यावे.

वीज नसली की काही ठिकाणी कोळशाची शेगडी आत ठेवतात. बाहेर पेटवून, निखाऱ्यांवर राख घालून ती आत आणली म्हणजे भय नाही, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच असतो. त्यास वास नाही, रंग नाही. दारे लावलेल्या खोलीत तो पिलांस मारतो आणि राखणीस तेथेच झोपलेल्या माणसासही. बंद खोलीत शेगडी ठेवू नये. पिलांसाठी तर नाहीच नाही.

तेव्हा वीज गेल्यास काय करावे? पिलांस डालग्यात किंवा खोक्यात एकत्र घ्यावे. गरम पाण्याच्या बाटल्या किंवा घट्ट झाकणाचे डबे गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवावे, वरून सच्छिद्र कापड टाकावे व दर दीड-दोन तासांनी पाणी बदलावे. बाटल्या व गोणपाट आधीच एका जागी काढून ठेवावेत. अंधारात शोधाशोध करण्यात पिलांचा वेळ जातो.

पावसाळ्याचे संकट विजेपुरतेच नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास व वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली. नदी-ओढ्यालगत राहणाऱ्यांनी जुलैमध्ये पिलांची नवी खेप आणूच नये, असे आमचे मत आहे. आणावयाचीच झाल्यास ब्रूडर उंच जागी मांडावा. शिंतोडे येणाऱ्या बाजूस गोणपाटाचा पडदा लावावा, मात्र वरचा भाग हवेसाठी उघडा ठेवावा. ओले झालेले तूस त्याच दिवशी काढून टाकावे. ओल व ऊब एकत्र आली की रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. खाली वाकल्यावर डोळे चुरचुरले तर पिलांचे डोळे त्याहून अधिक चुरचुरत आहेत असे समजावे.

पिसे भरू लागली की, उन्हाळ्यात तिसऱ्या व थंडीत चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास, प्रथम दिवसाची व मग रात्रीची ऊब बंद करावी. दिवा मात्र आणखी आठवडाभर जागेवरच टांगलेला असू द्यावा.