तक्रारीचं पत्र कोणाच्या हाती पडणार?

कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या भंगाराचा हिशेब माझ्या टेबलावर यायचा. ट्रक रिकामा असताना वजनकाट्यावर चढतो, भरल्यावर पुन्हा. फरक निघतो ते मालाचं वजन. एकाच नंबराच्या ट्रकचं रिकामं वजन काही खेपांना तीन-चारशे किलोंनी जास्त नोंदलेलं मला दिसलं. रिकामी गाडी जड दाखवली की तेवढं भंगार फुकट बाहेर जातं. मी युनिट प्रमुखांना ई-मेल केला, नाव फुटू देऊ नका अशी विनंतीही केली. दुसऱ्याच दिवशी तो मेल, ज्यांच्याविरुद्ध होता त्याच साहेबांकडे ‘आपलं म्हणणं कळवा’ अशा शेऱ्यासह पोचला.

मला कुणी खोटं म्हटलं नाही. दहा मिनिटांच्या उशिराचा मेमो आला, भंगाराचं काम काढून घेतलं गेलं, डबा खायला सोबत बसणाऱ्या मैत्रिणी दुसऱ्या टेबलावर गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याही घरांचे हप्ते चालू होते. मग राजीनाम्याचा कागद समोर आला: ‘मॅडम, स्वतःहून गेलात तर अनुभवाचा दाखला चांगला देऊ.’ मी सही केली नाही. तुमच्यावर ती वेळ आली तर तुम्हीही करू नका. स्वखुशीने गेलेल्या माणसाला आपला छळ झाला हे सिद्ध करणं फार जड जातं.

असं नाव फुटणं नवं नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं. नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलंही होतं. ते पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. हेतू लुटीचा होता असं तपासाने म्हटलं. पण म्हणून नाव फोडल्याची जबाबदारी पुसली जात नाही.

त्या खुनाने उसळलेल्या संतापानंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाण्याची वाट निघाली. केंद्राच्या खात्यात, सरकारी बँकेत किंवा केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमात असाल तर ती वापरा. पाकिटावर स्वतःचं नाव घालू नका; आत मात्र द्यावंच लागतं, निनावी तक्रार या वाटेने घेत नाहीत. राज्य सरकारची खाती तिच्या कक्षेत नाहीत. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, तो अजून लागू झालेला नाही. मला हे अक्षम्य वाटतं.

आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती. अशा कंपनीला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते, आणि गरज पडली तर थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. हे धोरण संकेतस्थळावर असतं; आधी ते वाचा. मी अध्यक्षांना लिहिलं. विशेषणं नाहीत, फक्त ट्रकचा नंबर, पावतीचा क्रमांक, तारीख, वजन. पावत्यांच्या प्रती घरी नेल्या नाहीत, कारण कागद चोरल्याचा आरोप उलटवायला तेवढं पुरतं. कोणत्या फाईलमध्ये काय सापडेल ते कळवलं. नाव लपवायचं असेल तर मजकूरही तपासा. ‘मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले’ एवढ्या वाक्यानेही माणूस ओळखला जातो. पहिलं पत्र टाकण्याआधी चांगल्या अप्रेझलची पत्रं जपून ठेवा आणि घरच्यांना सांगा. त्रास सुरू झाला की त्याच दिवशी तारीख घालून लिहा.

लेखापरीक्षक आले, भंगाराचा ठेका रद्द झाला, ते साहेबही गेले. माझा मेमो अजून फाईलीत आहे. तो काढून टाकावा म्हणून मी पत्रं लिहिते आहे.

तक्रारी घेण्याच्या खुर्चीत तुम्ही बसत असाल, तर माझं एवढंच मागणं आहे: पत्र पुढे पाठवण्याआधी त्यातलं नाव काढा, आणि ते कोणाकडे चाललं आहे ते दोनदा पाहा.