स्पर्शिका आणि ध्वनिमुद्रिका

वर्तुळाच्या स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, हे प्रमेय आपण शाळेत घोकतो. त्याचा पुढे उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. मला त्याचे उत्तर एका जुन्या डॅनिश यंत्रात सापडले.

मूळ ध्वनिमुद्रिका कोरताना कोरणी त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. आपल्या नेहमीच्या रेकॉर्ड प्लेअरचा भुज मात्र एका आसाभोवती फिरतो. म्हणून सुईचा मार्ग कंसाकार होतो. भुजाला बाक देऊन ही चूक कमी करता येते, नाहीशी करता येत नाही. फार तर दोन ठिकाणी सुई खाचेच्या स्पर्शिकेशी तंतोतंत जुळते.

डेन्मार्कमधील स्ट्रूअर येथे पीटर बँग व स्वेन ओलुफ्सेन यांनी १९२५ साली ‘बँग अँड ओलुफ्सेन’ कंपनी स्थापन केली. तिने १९७२ मध्ये याकोब येन्सेन यांनी आरेखित केलेला ‘बिओग्राम ४०००’ बाजारात आणला. त्यात भुज एका गाडीवर बसवलेला असून गाडी त्रिज्येच्या दिशेने सरकते. खाचेमुळे भुज किंचित आत वळला, की प्रकाशसंवेदकावरील उजेड बदलतो, मोटर फिरते आणि भुज पुन्हा सरळ होईपर्यंत गाडी पुढे जाते. चूक होते, ती मोजली जाते व लगेच सुधारली जाते. पुनर्भरणाचे हे सुंदर उदाहरण आहे.

याच मालिकेतील एक यंत्र मी हौसेने जुन्या बाजारातून घेतले व त्यावर वडिलांनी जपलेली कुमार गंधर्वांची तबकडी लावली. मध्यावर स्वर चिरकू लागला. दुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून महागडी सुई बदलली, तबकडी पुन्हा दोनचारदा वाजवली, दोष कायम. अखेर नीट निरखून पाहिले. भुज तिरपा होत होता, मोटर फिरत होती, पण गाडी जागची हलत नव्हती. मोटरचा रबरी पट्टा वयामुळे सैल पडला होता! नवा पट्टा अगदी किरकोळ किमतीत मिळाला.

यंत्र सुधारले, तबकडीची झिजलेली खाच मात्र सुधारली नाही. त्या जागी आजही खरखर ऐकू येते. जुनी यंत्रे जमवणाऱ्यांनी प्रथम तत्त्व समजून घ्यावे, पट्टे व धारित्रे तपासावीत आणि चाचणीसाठी टाकाऊ तबकडी वापरावी. पट्टा पुन्हा मिळतो. वडिलांची तबकडी मिळत नाही.