परसातील तलावाची खोदाई

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या भोवती उपनगरांची जी अफाट वाढ झाली, तिच्याबरोबर घरामागील मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव बांधण्याची प्रथाही मध्यमवर्गापर्यंत येऊन पोहोचली. तोवर असा तलाव म्हणजे चित्रपटतारकांची आणि लक्षाधीशांची चैन समजली जात असे. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ मध्ये डॉनेल कुटुंबासाठी रचलेल्या उद्यानातील वक्राकार तलावाची छायाचित्रे पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली आणि त्या आकाराचे अनुकरण गल्लोगल्ली झाले. बांधकामाचे तंत्रही तोपर्यंत सुलभ झाले होते. दाबाखालील हवेने सिमेंट व वाळू यांचे मिश्रण भिंतीवर फवारण्याचे यंत्र कार्ल एकली याने शोधून काढले व १९११ मध्ये त्याला त्याचे एकस्व मिळाले. गंमत अशी, की एकली हा स्थापत्यविशारद नव्हता. मेलेल्या प्राण्यांना जिवंतपणीचे रूप देऊन संग्रहालयात मांडणे हा त्याचा व्यवसाय होता.

तलाव आवाक्यात आला, तरी स्वस्त झाला नाही. साहजिकच ज्याला अंगमेहनतीचे वावडे नाही, असा गृहस्थ खर्चाच्या अंदाजपत्रकावरून नजर फिरवितो, तेव्हा ती ‘खोदाई’ या शब्दापाशी थबकते. पाणी खेळविण्याचा पंप, गाळणयंत्रणा, विजेची जोडणी ही कामे त्याला येत नाहीत, हे तो जाणून असतो. पण खड्डा? खड्डा कोणालाही खणता येतो. कुदळ, फावडे, एकचाकी हातगाडी आणि सुटीचे दिवस एवढ्या भांडवलावर कंत्राटदाराचे पैसे वाचतील, असा त्याचा हिशेब असतो. या हिशेबात दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे मातीचे आकारमान आणि दुसरी म्हणजे काळ.

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला एक मीटर व दुसऱ्या टोकाला दोन मीटर खोल असा साधा आयताकृती तलाव उदाहरणादाखल घेऊ. त्यात ४८ घनमीटर पाणी मावेल. परंतु खड्डा तेवढाच खणून भागत नाही. भिंती उभारण्यासाठी बाहेरच्या अंगाने माणसाला उभे राहता यावे, म्हणून चहूबाजूंनी निदान अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी लागते, आणि तळाच्या थरासाठी आणखी पंधरा सेंटिमीटर खाली जावे लागते. म्हणजे खड्डा नऊ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.६५ मीटर खोल झाला. त्याचे आकारमान ७४ घनमीटर भरते. एवढ्याशा वाढीने काम दीडपट झाले.

जमिनीतील माती शतकानुशतके दबून बसलेली असते. ती मोकळी केली की कणांच्या मध्ये हवा शिरते आणि ती फुगते. वाळू थोडी फुगते, चिकणमाती पुष्कळ. सामान्य मातीसाठी एक चतुर्थांश वाढ धरण्याचा प्रघात आहे. या हिशेबाने ७४ घनमीटरांच्या खड्ड्यातून ९२-९३ घनमीटर माती बाहेर पडेल. महाराष्ट्रातील गवंडी व मुकादम ज्या मापाने माती-मुरूम मोजतात, त्या शंभर घनफुटांच्या ब्रासमध्ये सांगायचे, तर सुमारे तेहतीस ब्रास. वजन सव्वाशे टनांच्या घरात. दहा घनमीटर मावणाऱ्या मालमोटारीच्या नऊ-दहा खेपा. ही माती ठेवायची कोठे, हा प्रश्न पहिली कुदळ मारण्यापूर्वी सोडवावयास हवा. पुष्कळ जणांना तो अंगणातील हिरवळ ढिगाखाली नाहीशी झाल्यावर सुचतो.

आता काळाचा विचार. खोदकामात मुरलेला मजूर मऊ जमिनीत दिवसाला दोन ते तीन घनमीटर माती काढून वर टाकतो. कचेरीत बसून काम करणाऱ्या गृहस्थाने दिवसभरात एक घनमीटर काढली, तरी ती शाबासकीची गोष्ट म्हणावी लागेल. आठवड्याला दोन सुट्या धरल्या, तर ७४ घनमीटरांस सदतीस आठवडे लागतात. एवढ्या अवधीत उन्हाळा, पाऊस आणि बर्फ ही सर्व त्या उघड्या खड्ड्यावरून जाणार. पैसा वाचविण्यासाठी हा गृहस्थ वेळ खर्चायला तयार झालेला असतो, आणि उघड्या खड्ड्याला नेमका वेळच सोसत नाही. कंत्राटदाराचे यंत्र तोच खड्डा एक-दोन दिवसांत खणते. काही दिवसांत सळ्या बांधून फवारणी होते आणि मातीच्या कडा झाकल्या जातात. त्याच्या दरात केवळ यंत्राचे भाडे नसते. कडा फार काळ उघडी न ठेवण्याची किंमतही त्यातच असते.

याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. कार्ल टेरझागी याच्या १९२५ मधील ग्रंथापासून ज्या शास्त्राला आजचे रूप आले, त्या मृदायामिकीने हा स्वभाव चांगला उलगडला आहे. समुद्रकाठी मुले ओल्या वाळूचे किल्ले करतात. त्यांच्या भिंती सरळ उभ्या राहतात. वाळूच्या कणांना येथे पाण्याचा पातळ पापुद्रा धरून ठेवतो. ऊन लागून वाळू सुकली की हा पापुद्रा जातो. भरतीचे पाणी येऊन वाळू पुरती भिजली तरीही तो जातो. दोन्ही प्रकारे किल्ला कोसळतो. खणलेल्या खड्ड्याची भिंत पहिल्या दिवशी सुरीने कापल्यासारखी उभी दिसते, ती बहुधा याच बळावर. चिकणमातीचा आधार अधिक टिकाऊ असतो. पण सुकल्यावर तिलाही भेगा पडतात, भेगांत पावसाचे पाणी भरते आणि त्या पाण्याचा दाब आख्खी लादी पुढे ढकलतो. टेक्सासमधील काळ्या गवताळ पट्ट्यात हा अनुभव नित्याचा आहे. तेथील माती आणि दख्खनची कापसाची काळी माती मृदाशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातील आहेत. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून येणारी जमीन महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाची आहे.

एक घनमीटर मातीचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे लहान मोटारीपेक्षा अधिक असते. माणूस छातीपर्यंत गाडला गेला, तर डोके मोकळे असूनही तो गुदमरू शकतो. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आकसते आणि माती ती जागा व्यापून बसते. म्हणूनच अमेरिकेतील कामगार सुरक्षा प्रशासनाने १९८९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार पाच फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर, किंवा त्याहून खोल खोदाईत अभंग खडक नसेल, तर कडांना उतार किंवा आधार द्यावाच लागतो. सर्वांत कच्च्या मातीत एक मीटर खोलीस दीड मीटर आडवा उतार सांगितला आहे. आपल्या उदाहरणातील खोल टोकाला कडा तीन मीटरांहून अधिक मागे घ्यावी लागेल. तेवढे परस किती घरांना असते? खणलेली माती काठापासून निदान दोन फूट दूर ठेवावी, असाही नियम आहे, कारण काठावरचा ढीग कडेला आत ढकलतो. हे नियम मालकाने कामावर ठेवलेल्या मजुरांसाठी आहेत. स्वतःच्या परसात स्वतः खणणाऱ्याला ते लागू होत नाहीत आणि त्याच्या खड्ड्यात डोकावणारा निरीक्षकही नसतो. रोजंदारीच्या मजुराला जे संरक्षण कायद्याने मिळते, ते या हौशी माणसाने स्वतःच स्वतःला द्यावयाचे असते.

खड्डा ऐसपैस असेपर्यंत कडा ढासळली तरी दूर पळता येते. खरा धोका पुढेच असतो. भिंती उभ्या राहिल्या की त्यांच्या आणि मातीच्या मधली अर्ध्या मीटरची फट हा एक अरुंद चर होतो, आणि नळ जोडण्यासाठी माणूस नेमका त्यातच वाकून बसतो. कडेची माती तोवर कित्येक आठवडे उघडी पडलेली असते.

घराच्या पायाचाही विचार हवा. पायाचा भार खाली जाताना दोन्ही अंगांस पसरत जातो. पायाच्या तळकडेपासून पंचेचाळीस अंशांची उतरती रेघ कल्पावी आणि तिच्या खालची माती काढू नये, असा ढोबळ संकेत आहे. खोल टोक घराच्या बाजूला घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा.

खणण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे, ते विचारावे लागते. अमेरिकेत २००७ पासून त्यासाठी ८११ हा दूरध्वनी क्रमांक देशभर आहे. काही दिवस आधी कळविले, की संबंधित कंपन्यांची माणसे येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात : वीज तांबडी, वायू पिवळा, पिण्याचे पाणी निळे, सांडपाणी हिरवे, दूरध्वनीच्या तारा नारिंगी. मात्र मीटरच्या अलीकडे घरमालकाने स्वतः टाकलेल्या वाहिन्या या खुणांत सहसा येत नाहीत, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

आखणीत भूमितीचे शालेय ज्ञान पुरते. कर्ण दोन्ही दिशांनी ८.९४ मीटर भरले, तर आठ बाय चारचा आयत काटकोनी आहे. समपातळीसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी सर्वांत विश्वासू. कारण तलाव भरल्यावर पाणीच परीक्षा घेते आणि काठाची तीन सेंटिमीटरांची चूक शेजाऱ्यालाही दिसते. तळ जास्त खणला गेला, तर मोकळी माती टाकून तो सारखा करू नये. न हललेली जमीन जो भार सोसते, तो भरावाची माती सोसत नाही; ती पुढे दबते आणि वरच्या थराला तडे जातात. तेथे बारीक खडी घालून धुम्मस करावे.

भाड्याचे लहान उत्खनक यंत्र आणणे हा मधला मार्ग होय. त्यात मजुरी वाचते आणि काळही. फक्त यंत्र बाहेर कसे पडणार, हे आधी ठरवून खोल टोकापासून उथळ टोकाकडे मागे मागे येत खणावे लागते.

तळाशी पाणी लागले, तर मात्र थांबून विचार करणे भाग आहे. या आकाराच्या काँक्रीटच्या रिकाम्या कवचाचे वजन साधारण पंचवीस टन भरेल. त्याचा तळ पस्तीस चौरस मीटरांचा. भूजलाची पातळी तळाच्या एक मीटर वर आली, की त्याला वर ढकलणारे बल पस्तीस टनांचे होते, आणि आर्किमिडीजच्या नियमाला अनुसरून तलाव नावेसारखा जमिनीतून वर उचलला जातो. रिकाम्या केलेल्या तलावांची अशी उदाहरणे घडली आहेत. यासाठी तळाला खडीचा थर आणि बाहेरचे पाणी दाब वाढताच आत घेणारी झडप बसवितात. आणि पावसाळी दिवसांत तलाव उपसत नाहीत.

शेवटी भिंतींमागची फट भरताना पत्र्याच्या किंवा फरशीच्या पातळ भिंती असतील, तर आत पाणी आणि बाहेर भराव एकाच वेळी, हात-हातभर चढवीत न्यावयाचा असतो, म्हणजे दोन्ही दाब एकमेकांना तोलून धरतात. त्या भरावात जमिनीतली सुमारे वीस घनमीटर माती परत जाते. वरचा सुपीक थर सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवला असेल, तर तो मोडलेल्या हिरवळीसाठी उपयोगी पडतो. उरलेल्या मातीसाठी मालमोटार बोलवावीच लागते.