खोलीचा करार आणि दीन : शिक्षणासाठी घराबाहेर पडणाऱ्यांसाठी काही मसाइल

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आपल्या अनेक घरांत एकच धावपळ उडते. रत्नागिरी, बीड, मालेगाव, अकोला येथील मुले पुण्या-मुंबईकडे निघतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही, की तिघे-चौघे मिळून भाड्याने फ्लॅट घेतात. आई गादी, कुकर आणि लोणच्याची बरणी बांधून देते; जानमाज आणि कुरआनची प्रत बॅगेत सर्वांत वर ठेवली जाते. हे योग्यच आहे. परंतु वाचकहो, बॅग भरण्याच्या आधी एक कागद हाती येतो, तो भाडेकराराचा. आणि त्या खोलीतील हलाल-हरामचा पहिला प्रश्न त्या कागदावरच उभा राहतो. नमाज, रोजा, तलाक यांविषयी लोक इमामांना आवर्जून विचारतात. डिपॉझिटविषयी विचारणारा पालक क्वचितच भेटतो.

प्रारंभ तेथूनच करू. मोठ्या शहरांत, विशेषतः मुंबई आणि तिच्या आसपासच्या आपल्या वस्त्यांत, ‘हेवी डिपॉझिट’ची रीत रूढ आहे. समजा, एखाद्या घरमालकाने सांगितले, ‘चार लाख रुपये ठेवा, भाडे देऊ नका, घर सोडताना चार लाख पूर्ण परत मिळतील.’ वडिलांना हा व्यवहार लाभाचा वाटतो. पैसे सुरक्षित राहतात, दरमहा भाड्याची चिंता नाही. पण शरीअत व्यवहाराचे नाव पाहत नाही, त्याचे स्वरूप पाहते. जी रक्कम मालक स्वतःच्या कामात वापरतो आणि नंतर जशीच्या तशी परत करतो, ती रक्कम म्हणजे कर्ज होय. त्या कर्जाच्या बदल्यात घरात फुकट राहणे हा कर्जावर घेतलेला लाभ ठरतो, आणि कर्जावर ठरवून घेतलेला लाभ म्हणजे रिबा, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. पाचशे रुपये नाममात्र भाडे लिहिल्याने हा दोष जात नाही. कारण त्या कर्जाखातरच भाडे कमी झालेले असते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. बँकेचे व्याज कटाक्षाने टाळणारी कुटुंबे याच वाटेने मुलाला रिबाच्या घरात वसवतात, आणि त्याच घरात त्याने नमाजची पाबंदी करावी अशी अपेक्षा ठेवतात!

यावर मार्ग आहे. परिसरातील प्रचलित दराने भाडे ठरवावे आणि डिपॉझिट केवळ हमीपुरते, दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके द्यावे. अथवा हाताशी रक्कम असेल, तर ती डिपॉझिट म्हणून न देता आगाऊ भाडे म्हणून द्यावी. अकरा महिन्यांचे भाडे एकरकमी मिळते म्हणून मालकाने दर कमी केला, तरी हरकत नाही. कारण ती रक्कम परत येणार नाही, ती भाड्यातच वळती होणार आहे. तेथे कर्ज नाही, म्हणून कर्जावरील लाभही नाही. दलालाची दलाली आधी ठरलेली आणि निश्चित असेल, तर तीही जाइज आहे.

आता लेखनाविषयी. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत, जी कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याची शिकवण आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तेथे बजावले आहे. आपल्या राज्याचा कायदाही येथे याच दिशेने जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. करारात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव असावे. मुलींच्या फ्लॅटलाही हेच लागू आहे. मुलगी आहे म्हणून सारे काही वडिलांच्या आणि मालकाच्या तोंडी बोलण्यावर सोडू नये. डिपॉझिटमध्ये कोणाचा किती वाटा आहे, एखादा मित्र मध्येच निघून गेला तर त्याचा वाटा कोण देणार, हेही मुलांनी आपसांत लिहून घ्यावे. भिंतीचा ओलावा, तुटलेला नळ, पंख्यांची संख्या यांची पहिल्याच दिवशी छायाचित्रे घेतली, तर घर सोडताना वाद उरत नाही. मित्रांमध्ये लिहून घेणे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. उलट, मैत्री टिकावी म्हणूनच लिहायचे असते.

लिहिलेली अट पाळणे ही पुढची पायरी. मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतात, हलालला हराम वा हरामला हलाल करणारी अट सोडून. या आशयाची हदीस तिरमिजीत आली आहे. करारात तीन नावे आणि खोलीत पाच मुले, ही तडजोड आपल्याकडे सहज खपून जाते. ती फसवणूक आहे. जास्तीच्या दोघांच्या पाण्याचा, विजेचा, घराच्या झिजेचा भार मालकाच्या माथी त्याच्या संमतीशिवाय पडतो. सोसायटीत मांसाहार शिजवू नये अशी अट असेल आणि आपण ती स्वीकारून सही केली असेल, तर ती पाळावी. अट मान्य नसेल, तर सही करू नये. दुसरे घर पाहावे.

दुसरे घर पाहणे आपल्या मुलांना सोपे नसते, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. दूरध्वनीवर रिकामी असलेली खोली नाव सांगताच ‘नुकतीच गेली’ असे होते, हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी दुसऱ्याच्या नावावर खोली घेण्याचा किंवा नाव बदलून सांगण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. असत्यावर घेतलेल्या घरात मूल वर्षभर भीतीने वावरते. दाराची घंटा वाजली तरी दचकते. त्यापेक्षा कॉलेजपासून पाच किलोमीटर लांबची, पण स्वतःच्या नावाची खोली बरी. आणि ज्यांची स्वतःची घरे कोंढव्यात किंवा अन्यत्र भाड्याने द्यायची आहेत, त्या आपल्या बांधवांनी या अडचणीचा लाभ घेऊन भाडे चढवू नये, हेही येथे सांगितलेच पाहिजे.

खोलीतील सोबत्यांचा हक्क वेगळा आहे. सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत आई-वडील, नातलग, अनाथ, शेजारी यांच्यासोबत बाजूच्या सोबत्याशीही चांगले वागण्याचा आदेश आहे. मुफस्सिरांनी त्यात प्रवासातील आणि कामातील सोबत्याचा समावेश केला आहे. एका छताखाली राहणारा सहाध्यायी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्या व्याख्येत सहज बसतो. तो झोपलेला असताना फजरचा गजर वारंवार वाजू देणे, त्याचा चार्जर वा साबण न विचारता वापरणे, या गोष्टी लहान दिसतात. तरी हुकूकुल इबादच्या हिशोबात त्या सुटत नाहीत.

जेवणाबाबत मात्र मन मोठे ठेवावे. अशअरी कबिल्याच्या लोकांकडील अन्न कमी पडू लागले, की ते सर्वांकडचे एका कापडावर गोळा करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आपलेच म्हटले. सूरह अन-नूरच्या ६१ व्या आयतीनेही एकत्र वा वेगवेगळे जेवण्याची मोकळीक दिली आहे. म्हणून भाडे, वीज, गॅस यांचा हिशोब पैशापैशाचा असावा. पण सामायिक ताटात कोणी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, याची वही ठेवू नये.

नमाजसाठी खोलीत एक स्वच्छ कोपरा ठरवावा. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेकडून किंचित उत्तरेला आहे. नव्या घरात दिशा अंदाजाने न धरता जवळच्या मशिदीवरून खात्री करून घ्यावी. ‘आम्ही परगावी आहोत’ म्हणून सहामाहीभर कसर करणारे विद्यार्थी आढळतात. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नियत असेल, तर पूर्ण नमाज अदा करावी लागते. आपले कोकणी बांधव बहुधा शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस वगळून चार दिवस राहण्याची नियत पुरेशी आहे. म्हणजे वर्षभरासाठी खोली घेऊन राहणारा विद्यार्थी दोन्ही मतांनी मुकीम ठरतो. सुटीत दोनच दिवसांसाठी गावी गेला, तरी आई-वडिलांचे घर हे त्याचे मूळ वतन आहे; तेथेही पूर्ण नमाज.

कसर राहते ती वाटेत. पुण्याहून रत्नागिरीला जाताना जोहर, असर आणि इशा दोन-दोन रकअत होतात. मगरिब तीनच राहते. शाफई प्रवासी जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करू शकतो. हनफी विद्यार्थ्याला प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच अदा करायची असल्याने, एस.टी.चे आरक्षण करतानाच गाडी मगरिबच्या सुमारास कोठे थांबते, हे त्याने विचारून घ्यावे.