पाळीव कुत्र्याचे आरोग्य आणि गावाची सुरक्षितता

महाराष्ट्रातील खेड्यात कुत्रा हा पिढ्यान्‌पिढ्या घराचा आणि शेताचा सोबती राहिला आहे. वाड्यावस्तीची राखण, मेंढ्यांच्या कळपाची पाठराखण, खळ्यावरील रात्रीची जाग ही कामे तो करतो. खंडोबा आणि दत्तात्रेय यांच्या उपासनेतही त्यास मानाचे स्थान लाभले आहे. असे असूनही गाई-म्हशींना लाळ-खुरकताची लस टोचून घेणारा जागरूक शेतकरी आपल्या कुत्र्यास मात्र जनावरांच्या दवाखान्यात क्वचितच नेतो. गाय आजारी पडली तर दूध बंद होते. कुत्रा आजारी पडल्याने घराचे काही अडत नाही, अशी त्यामागील समजूत असावी. ही समजूत अनेकदा महागात पडते. कारण कुत्र्याचे काही रोग कुत्र्यापुरते राहत नाहीत.

अलर्क : लक्षणे आणि चुका

या रोगांमध्ये अलर्क, म्हणजेच रेबीज, सर्वांत भयंकर होय. माणसास होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत तो कुत्र्यापासून आलेला असतो. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावत असावीत, असा अंदाज आहे, आणि बळी पडणाऱ्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे. माणसात लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र लक्षणे दिसण्यापूर्वी हाच रोग निश्चितपणे टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचण्यास प्रारंभ झाला आणि तो मुलगा वाचला. प्रतिबंधाचा मार्ग तेव्हापासून ज्ञात असूनही या रोगाने मृत्यू घडावेत, ही खेदाची बाब आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे तोंडातून फेस गाळीत, दिसेल त्याला चावत धावणारा कुत्रा, असे चित्र सर्वसाधारणपणे लोकांच्या मनात असते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. रोगाच्या दुसऱ्या प्रकारात कुत्रा अंगावर येत नाही. तो कोपऱ्यात, खाटेखाली किंवा गवताच्या गंजीआड अंधारात पडून राहतो. हाक मारल्यास ओ देत नाही. त्याचा आवाज घोगरा होतो. खालचा जबडा लोंबू लागतो. घशाचे स्नायू लुळे पडल्याने त्यास पाणी गिळता येत नाही व लाळ गळत राहते. घरच्या माणसांना वाटते की घशात हाड अडकले. मग घरातील एखादा जाणता पुरुष कुत्र्याचा जबडा उघडून आत हात घालतो आणि हाताला असलेल्या बारीकशा चिरेतूनही लाळेतील विषाणू शरीरात जातात. कुत्रा चावलेलाच नसल्यामुळे लस घेण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाई-बैलांच्या बाबतीतही नेमकी हीच चूक घडते. यास्तव अचानक गिळता न येणाऱ्या कोणत्याही जनावराच्या तोंडात हात घालू नये. त्यास वेगळे बांधून किंवा कोंडून पशुधन विकास अधिकाऱ्यास कळवावे.

लस आणि तिचे नियोजन

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यास अलर्क-प्रतिबंधक लस टोचावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुमारे महिन्याने दुसरी मात्रा द्यावी व त्यानंतर दरवर्षी एक मात्रा द्यावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. बाजारातून कुपी आणून दिवसभर खिशात बाळगली व संध्याकाळी टोचली, तर लस टोचल्याचे समाधान तेवढे मिळते, संरक्षण मिळत नाही. तेव्हा बर्फाच्या थर्मासमधून लस आणण्याचा आग्रह मालकाने धरला पाहिजे. लस टोचल्याची तारीख लिहिलेला दाखला रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावा.

एखाद-दुसऱ्या सुजाण मालकाने लस टोचून घेतल्याने गाव सुरक्षित होत नाही. गावातील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली म्हणजे रोगाची साखळी तुटते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. याचा पडताळा शेजारच्या गोव्यात आला. तेथे २०१४ च्या सुमारास शासन आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना गावोगावी लस टोचण्याची मोहीम हाती घेतली. मोकाट कुत्री जाळ्याने पकडून, लस टोचून, अंगावर रंगाची खूण करून तेथेच सोडली जात. शाळांतून मुलांना धडे देण्यात आले, आणि संशयित कुत्र्याची खबर घेणारे पथक तयार ठेवण्यात आले. २०१७ नंतर अनेक वर्षे तेथे या रोगाने मृत्यू झाल्याची नोंद झाली नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. खेड्यातील बहुतेक कुत्री ना पुरती पाळीव असतात, ना पुरती मोकाट. सकाळची भाकरी एका घरी, दुपारची दुसऱ्या घरी आणि रात्रीचा मुक्काम चावडीच्या ओट्यावर, असा त्यांचा दिनक्रम असतो. राखणीच्या वेळी अशा कुत्र्याचे धनी चारजण असतात आणि लस टोचण्याच्या वेळी एकही नसतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व नसबंदी यांची जबाबदारी मालकावर, तर रस्त्यावरील प्राण्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर ठेवली आहे. मधल्या वर्गातील कुत्र्यांना या दोहोंपैकी एका बाजूस नेण्याचे काम ग्रामपंचायतीलाच करावे लागेल. आळीनिहाय कुत्र्यांची यादी करावी, प्रत्येक कुत्र्यापुढे त्यास भाकरी घालणाऱ्या एका घराचे नाव लिहावे आणि वर्षातील एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने सर्वांना लस टोचावी. बाजाराचा दिवस त्यासाठी टाळलेला बरा, कारण त्या दिवशी कुत्री धरून ठेवण्यास घरी कोणी नसते.

जंत, गोचीड आणि इतर व्याधी

पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगले की ते धष्टपुष्ट आहे असे समजू नये. बहुधा ती जंतांची खूण असते. गोल जंतांची बाधा पिल्लास आईच्या पोटातच होते. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, तीन महिन्यांचे होईपर्यंत, जंताचे औषध वजनानुसार द्यावे व पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. अंगणात विष्ठा पडून राहिल्यास अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी मुलांच्या पायात शिरून खाज सुटणारे नागमोडी वळ उठतात.

याहून गंभीर धोका बकरे कापण्याच्या जागेशी निगडित आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात व फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. असे टाकाऊ अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात व त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती हातावाटे किंवा भाजीपाल्यावाटे माणसाच्या पोटात गेली, तर त्याच्या यकृतात तशाच गाठी होतात आणि त्यांवर पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. खाटिकखान्यातील टाकाऊ भाग कुत्र्यांपुढे टाकण्याची पद्धत बंद करून ते खोल पुरण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने केल्यास ही साखळी अल्प खर्चात तुटू शकते.

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते, परंतु तिच्या आयुष्याचा बराचसा काळ भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे आणि गोठ्याच्या कुडात जातो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडून तेथे हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसते कुत्र्याच्या अंगास औषध लावून उपयोग होत नाही. फटी बुजवणे, भिंतींस चुना देणे, अंथरलेले पोते उन्हात टाकणे ही कामे त्याचबरोबर करावी लागतात. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो, त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, तर कधी लघवी काळपट होते. वेळीच उपचार झाल्यास पुष्कळ कुत्री बरी होतात. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पिकावर फवारण्याचे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्यास आंघोळ घालण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो जीवघेणा आहे; कुत्रा अंग चाटतो आणि विष त्याच्या पोटात जाते.

डिस्टेंपर आणि पार्व्हो हे विषाणूजन्य रोग माणसास होत नाहीत, पण पिल्लांचा फडशा पाडतात. पार्व्होमध्ये उलट्या व दुर्गंधीयुक्त रक्ती हगवण होते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू दगावू शकते. त्याचे विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतात, म्हणून ज्या घरी पिल्लू मेले तेथे लागलीच दुसरे आणू नये. दोन्ही रोगांवरील संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देता येते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरा जंतूंविरुद्धची लसही मिळते. कोकणासारख्या पाणथळ प्रदेशात तिचा विचार अवश्य करावा.

आहाराविषयी थोडक्यात सांगायचे तर भाकरी, भात, डाळीचे पाणी, उकडलेले अंडे हे अन्न चालते. मात्र कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. म्हणून फोडणीचे कालवण त्यास घालू नये. माणसाच्या ताप-वेदनांच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

चावा आणि शाळा

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद किंवा तेल तिच्यावर लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. त्वचा फाटून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घ्यावे लागते. ते जवळ उपलब्ध नसल्यास मोठ्या रुग्णालयात जाण्याची टाळाटाळ करू नये. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, परंतु त्याची वाट पाहत लस लांबवू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या धास्तीने आजही काहीजण दवाखाना टाळतात. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता शासकीय दवाखान्यांत दंडाच्या त्वचेत, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस दिली जाते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कुत्र्याची खोड काढल्याबद्दल घरी मार बसेल या भीतीने मूल ओरखडा लपवते. आई-वडील दिवसभर शेतावर असतात आणि जखम चार दिवसांत भरून येते. हे लक्षात घेऊन शिक्षकांनी आठवड्यातून एकदा, प्रार्थनेनंतर, कोणास कुत्र्याने किंवा मांजराने चावले वा ओरबाडले आहे काय याची चौकशी करावी. सांगणाऱ्या मुलास वर्गासमोर रागावू नये. त्याच्या पालकांना निरोप धाडावा आणि ते येईपर्यंत शाळेच्या नळाखाली त्याची जखम धुण्यास प्रारंभ करावा.